शिकलेलं कधी वापरायचं आहे, हे आधी विचारा

प्रश्न असा आहे: शाळेत बरीच वर्षं शिकवलं, आता एखाद्या कंपनीत प्रशिक्षणाची आखणी करण्याच्या कामात, म्हणजे इन्स्ट्रक्शनल डिझाइनमध्ये, शिरायचं आहे. शाळा, कॉलेज, ऑफिस, कारखाना, रुग्णालय या सगळ्या ठिकाणी आखणीची पद्धत एकच असते का? आणि सुरुवात मॉडेल्सपासून करावी की सॉफ्टवेअरपासून?

सॉफ्टवेअरचं शेवटी बघू. मॉडेल्सचं आधी उरकून टाकतो, कारण त्यात फार अडकण्यासारखं काही नाही. सगळ्यात जास्त कानावर पडेल ते ‘ॲडी’ (ADDIE, पाच पायऱ्यांच्या इंग्रजी नावांची आद्याक्षरं): विश्लेषण, आराखडा, निर्मिती, अंमलबजावणी, मूल्यमापन. त्याचं मूळ 1975 साली फ्लोरिडा स्टेट युनिव्हर्सिटीने अमेरिकन सैन्यदलांसाठी तयार केलेल्या पद्धतीत आहे. त्यानंतर आलेली बहुतेक मॉडेल्स ही याच पायऱ्यांची फेरमांडणी आहे. कोणी त्या गोल फिरवल्या, कोणी लहान लहान आवर्तनं केली. एका संध्याकाळी वाचून समजतील इतकंच ते आहे. मुलाखतीत नाव विचारतात म्हणून माहीत असावं, एवढंच.

पायऱ्या सगळीकडे त्याच असल्या तरी त्या पायऱ्यांवर घ्यायचे निर्णय मात्र जागेप्रमाणे पार बदलतात. माझ्या मते ते एकाच गोष्टीवर ठरतात: शिकणं आणि शिकलेलं वापरणं यांच्यात अंतर किती आहे? किती दिवसांनी वापरायचं, किती वेळा वापरायचं, आणि वापरताना जवळ मदत असेल का?

शाळेत हे अंतर प्रचंड असतं. आज अपूर्णांक शिकणारं मूल ते बीजगणितात वापरणार काही वर्षांनी, आणि आयुष्यात कुठे वापरेल हे कोणालाच सांगता येत नाही. म्हणून शाळेत समज रुंद ठेवावी लागते, त्याच कल्पनेकडे वेगवेगळ्या वाटांनी पुन्हा पुन्हा यावं लागतं, आणि ‘हे कशाला शिकायचं’ या प्रश्नाला सरळ उत्तर नसतं. कॉलेजात परीक्षा जवळ आणि वापर दूर. त्यामुळे आखणी परीक्षेकडे ओढली जाते. नोकरीच्या ठिकाणी बहुधा सोमवारी शिकवलेलं मंगळवारी वापरायचं असतं, तेही ठरलेल्या यंत्रावर, ठरलेल्या पडद्यावर. शिक्षकी पेशातून आलेल्या माणसाला हाच बदल सगळ्यात जड जातो. त्याचा हात सवयीने पार्श्वभूमीकडे जातो: आधी इतिहास, मग संकल्पना, मग प्रकार, आणि शेवटी वेळ उरला तर प्रत्यक्ष काम. कामाच्या ठिकाणी हा क्रम उलटा करावा लागतो.

अंतर मोजलं की पहिला प्रश्न पडतो तो म्हणजे, हे लक्षात ठेवायची गरज आहे का? शाळेत हा प्रश्न सहसा विचारलाच जात नाही. 1935 च्या ऑक्टोबरात बोइंगचं ‘मॉडेल 299’ हे विमान चाचणीच्या उड्डाणात कोसळलं. वैमानिक अनुभवी होते, पण विमान वळवणारे शेपटीकडचे हलते भाग जमिनीवर जखडून ठेवणारं कुलूप उड्डाणाआधी काढायचं राहून गेलं होतं. यावर तोडगा निघाला तो आणखी प्रशिक्षणाचा नव्हता. उड्डाणापूर्वी वाचायची तपासयादी करण्यात आली. जागतिक आरोग्य संघटनेने शस्त्रक्रियांसाठी तयार केलेल्या 19 मुद्द्यांच्या यादीचा आठ शहरांतल्या आठ रुग्णालयांतला अभ्यास 2009 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात मृत्यूंचं प्रमाण 1.5 टक्क्यांवरून 0.8 टक्क्यांवर आलं. शल्यचिकित्सकांना त्या 19 गोष्टी माहीत नव्हत्या असं कोण म्हणेल?

म्हणून काम क्वचित करायचं असेल, पायऱ्या बऱ्याच असतील, नियम दर काही महिन्यांनी बदलत असतील आणि बघून करायला वेळ असेल, तर कोर्स बनवू नका. एक पानाचा कागद, यंत्रावरचा तक्ता, पडद्यावरची सूचना बनवा, आणि प्रशिक्षणात फक्त तो कागद वापरायला शिकवा. यामुळे तुमचं तीन तासांचं सत्र वीस मिनिटांवर येतं. ज्यांना तासांवर काम मोजायची सवय आहे ते थोडे खट्टू होतात, त्याला इलाज नाही.

याच्या उलट टोकाला हृदय बंद पडलेल्या माणसाला सीपीआर देणं. काम क्वचितच करावं लागतं, पण वेळ आली की कागद बघायला सवड नाही. मिनिटाला 100 ते 120 या गतीने, प्रौढ माणसाच्या छातीवर 5 ते 6 सेंटिमीटर खोल दाब द्यायचे, हे हातातच बसलेलं हवं. आणि हे कौशल्य काही महिन्यांतच ढिलं पडतं. मग दोन वर्षांतून एकदा दिवसभराचं शिबिर घेऊन प्रमाणपत्र द्यायचं की वॉर्डातच पुतळा ठेवून दर काही आठवड्यांनी पाच मिनिटांचा सराव करून घ्यायचा? दुसरा पर्याय बरा हे सांगायला मोठा सिद्धांत लागत नाही, पण वर्षाच्या कॅलेंडरवर ‘शिबिर’ लिहायला सोपं जातं, म्हणून बहुतेक ठिकाणी पहिलाच पर्याय दिसतो.

आता ज्या गोष्टीला शाळेत फारसा जोडीदार नाही ती सांगतो. कंपनीत लोक तुमच्याकडे प्रश्न घेऊन येत नाहीत, उत्तर घेऊन येतात: “आमच्या लोकांना ट्रेनिंग द्या.” शिक्षकाला हे खटकत नाही, कारण वर्ग समोर आहे म्हणजे शिकवायचं हे गृहीतच असतं. इथे मात्र ‘शिकवून हे सुटणार आहे का’ हे तपासणं कामाचाच भाग आहे. रॉबर्ट मेगर आणि पीटर पाइप यांनी 1970 च्या सुमारास यासाठी एक दणकट प्रश्न दिला: जिवावर बेतलं तर हा माणूस हे काम करू शकेल का? करू शकत असेल तर त्याला येतं. अडचण दुसरीकडेच आहे.

एका गोदामाचं उदाहरण घ्या. माल उतरवून घेताना फुटलेल्या खोक्यांची नोंद होत नव्हती. पावतीवर ‘माल सुस्थितीत मिळाला’ अशी सही, त्यामुळे पुरवठादार नंतर भरपाई द्यायला नकार देई. मागणी आली ती ‘दर्जाविषयी जागरूकता’ या नावाच्या दोन तासांच्या सत्राची. सत्राचा आराखडा करण्याआधी सकाळभर माल उतरवायच्या धक्क्यावर उभं राहिलं की चित्र वेगळंच दिसतं. फुटलेलं खोकं कामगारांना बरोबर ओळखू येत होतं. ते हाताने बाजूला काढूनही ठेवत होते. पण नोंदीचा रकाना फॉर्मच्या मागच्या बाजूला. सोबत फोटो हवा, आणि फोटो काढायचा टॅब पर्यवेक्षकाच्या केबिनमध्ये कुलपात. मागे पुढचा ट्रक हॉर्न वाजवतोय. आणि पाळीचं काम मोजलं जायचं ताशी किती ट्रक मोकळे केले यावर, म्हणजे जो प्रामाणिकपणे नोंद करील त्याचाच आकडा खाली यायचा आणि त्यालाच ऐकून घ्यावं लागायचं.

या लोकांना जागरूकतेवर दोन तास बसवणं म्हणजे त्यांची थट्टा झाली असती. टॅब धक्क्यावर आला, रकाना पहिल्या पानावर वर आला, नोंद उघडली की तेवढा वेळ ताशी हिशेबातून वगळला जाऊ लागला. यानंतर शिकवण्यासारखं काय उरलं? एकच गोष्ट: बाहेरचं प्लॅस्टिकचं वेष्टन धड आहे पण खालच्या थरातली खोकी दबली आहेत, असा माल. तो नवख्यांना ओळखता येत नव्हता. त्यासाठी फोटोंचा एक छोटा संच पुरला: हा माल घ्यायचा, की नोंद करायची? चुकलं की लगेच त्याच फोटोवर दबलेला कोपरा दाखवायचा. पाळी सुरू होण्याआधी उभ्या उभ्या होणारा सराव. टॉम गिल्बर्ट यांनी 1978 मध्ये मांडलेल्या चौकटीचं सार हेच आहे की आधी माहिती, साधनं आणि मोबदला-कौतुक यांची बाजू तपासा, माणसाचं ज्ञान त्यानंतर. माझा अनुभवही त्याच बाजूने बोलतो.

अशा मागणीला ‘नाही’ कसं म्हणायचं हे वेगळं कसब आहे. तोंडावर ‘तुम्हाला ट्रेनिंगची गरज नाही’ म्हटलं तर दार बंद होतं. त्यापेक्षा विचारावं: सत्र झाल्यावर लोक काय वेगळं करताना दिसायला हवेत? आज ते तसं का करत नाहीत? जो उत्तम करतो तो कसा करतो? मला त्याच्याजवळ अर्धा दिवस उभं राहता येईल का? तिसऱ्या प्रश्नापर्यंत समोरचा माणूस स्वतःच फॉर्मबद्दल बोलायला लागतो.

उद्दिष्टांबद्दल. तुमच्या पाठ टाचणात ‘विद्यार्थ्यांना अमुक संकल्पना समजेल’ असं असायचं. मेगर यांनी 1962 मध्येच सांगितलं होतं की उद्दिष्टात तीन गोष्टी हव्यात: माणूस काय करील, कोणत्या परिस्थितीत करील, आणि किती चांगलं केलं म्हणजे चालेल. ‘तक्रार निवारणाची प्रक्रिया समजेल’ याऐवजी ‘चिडलेला ग्राहक फोनवर असताना, पडद्यावर त्याची जुनी नोंद उघडून, तक्रार आपल्या अखत्यारीत आहे की वर पाठवायची हे फोन ठेवण्याआधी ठरवील आणि त्याला पुढची तारीख सांगेल.’ दुसरं वाक्य लिहून झालं की सराव कसा घ्यायचा हे वेगळं ठरवावंच लागत नाही: फोन, पडदा, चिडलेला आवाज. ब्लूम यांच्या शैक्षणिक उद्दिष्टांच्या 1956 च्या वर्गीकरणातून निघालेले क्रियापदांचे तक्ते अनेक ऑफिसांत भिंतीवर लावलेले असतात. त्यातलं एखादं वजनदार क्रियापद उचलून कमकुवत उद्दिष्टाला चिकटवलं की ते बळकट होत नाही. ‘प्रक्रियेचे विश्लेषण करील’ म्हणजे नेमकं कुठे बसून, कशावर बोट ठेवून?

यापुढचं काम विषयतज्ज्ञाकडून माहिती काढण्याचं. शाळेत तज्ज्ञ तुम्हीच होतात. आता तुम्हाला प्लॅस्टिकची पाकिटं तापवून बंद करण्याच्या यंत्राबद्दल कोर्स करायचा आहे आणि ते यंत्र तुम्ही आयुष्यात चालवलेलं नाही. यात कमीपणा काही नाही. उलट फायदा आहे, कारण नवख्याला काय कळत नाही हे तुम्हाला आतून कळतं. अडचण तज्ज्ञाच्या बाजूला असते. हात बसला की माणसाला आपण काय काय बघतो हे सांगता येईनासं होतं. ‘तापमान कसं ठरवता?’ विचारलं की उत्तर येतं, ‘तक्त्याप्रमाणे.’ म्हणून मुलाखत खुर्चीत बसून घेऊ नये. त्याला काम करू द्यावं आणि मधेच थांबवावं: आत्ता कुठे बघितलंत? नवा माणूस इथे काय करील? हे बिघडलं तर पहिल्यांदा कशावरून कळतं?

असं विचारलं की कळतं, तक्ता फक्त सुरुवातीला. नंतर तो गडी पहिली दोन-तीन पाकिटं उचलून हाताने फाडून बघतो. जोड नुसता सोलून निघाला तर उष्णता कमी. जोड टिकला आणि प्लॅस्टिकच फाटलं तर बरोबर. कड आक्रसून सुरकुतली तर जास्त. हे त्याच्या तोंडून कधीच आलं नसतं, कारण त्याच्या लेखी ही ‘माहिती’ नाहीच. मग प्रशिक्षण काय? तिन्ही प्रकारच्या पाकिटांचा ढीग, फाडा आणि तीन गठ्ठे करा. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अमेरिकेत कारखान्यांसाठी जी ‘ट्रेनिंग विदिन इंडस्ट्री’ योजना राबवली गेली, तिच्यातली काम शिकवण्याची चार पायऱ्यांची पद्धत आजही कारखान्यात उत्तम चालते: माणसाला तयार करा, काम दाखवा, त्याच्याकडून करवून घ्या, मग पाठपुरावा करा. यातली तिसरी पायरी लोक उरकून टाकतात. त्याच्याकडून काम करवून घेताना ‘हे असंच का’ हे त्याच्या तोंडून वदवून घ्यायचं असतं, एकदा नव्हे, पुन्हा पुन्हा.

वर्गाची घडणही वेगळी असते. शाळेत साधारण एका वयाची, साधारण एकाच टप्प्यावरची मुलं. कंपनीच्या बॅचमध्ये गेल्या आठवड्यात रुजू झालेली मुलगी आणि निवृत्तीला आलेले काका शेजारी शेजारी. जॉन स्वेलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या आकलनभारावरच्या, म्हणजे शिकताना डोक्यावर पडणाऱ्या ताणावरच्या, संशोधनातून पुढे आलेली एक गोष्ट इथे फार उपयोगी पडते: नवख्याला पायरीपायरीने सोडवून दाखवलेली उदाहरणं मदत करतात, पण तीच उदाहरणं जाणकाराला अडथळा होतात. त्याच्या डोक्यात आधीच असलेली रीत आणि तुमची पायरी यांचा मेळ घालण्यात त्याची शक्ती खर्च होते. त्यामुळे सगळ्यांना एकच मॉड्यूल सक्तीने लावण्यापेक्षा आधी एक कठीण प्रसंग सोडवायला द्या. जमला तर सुट्टी, नाही तर पुढे या. दरवर्षीच्या सक्तीच्या कम्प्लायन्स, म्हणजे नियमपालनाच्या, प्रशिक्षणात हे केलं तर लोक दुवा देतात. मात्र कायद्याने किंवा नियामकाने तास ठरवून दिले असतील तिथे हात बांधलेले असतात, तेवढं आधी विचारून घ्यावं.

लक्षात राहण्याबद्दल एकच प्रयोग सांगतो. रोडिगर आणि कार्पिक यांनी 2006 मध्ये विद्यार्थ्यांना उतारे दिले. काहींनी उतारा दुसऱ्यांदा वाचला, काहींनी न बघता आठवेल तेवढा लिहून काढला. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तेव्हा पुन्हा वाचणारे पुढे होते, 81 टक्के विरुद्ध 75. आठवड्याने चित्र उलटलं: वाचणारे 42, आठवून लिहिणारे 56. आता ई-लर्निंगच्या शेवटी असणारी ती दहा प्रश्नांची क्विझ आठवा. ती त्या पाच मिनिटांच्या टप्प्यावर असते. तिच्यात मिळालेले 90 टक्के पुढच्या महिन्याबद्दल जवळजवळ काहीच सांगत नाहीत. तेच दहा प्रश्न तोडून दोन दिवसांनी तीन, आठवड्याने तीन, महिन्याने चार असे मोबाइलवर पाठवले तर मोजमापही खरं होतं आणि शिकणंही पक्कं होतं. शाळेत तुम्ही तासाच्या सुरुवातीला ‘काल काय झालं, सांगा बरं’ विचारत होतात ना, ते सोडू नका. कंपन्यांमध्ये हे फार कमी लोक करतात.

ई-लर्निंगचं चाललंच आहे तर: पडद्यावर पूर्ण वाक्यं लिहायची आणि तीच निवेदकाने वाचायची, ही पद्धत टाकून द्या. चित्र आणि आवाज असताना तोच मजकूर पडद्यावर आला की शिकणं मंदावतं, हे रिचर्ड मेयर यांच्या प्रयोगांतून दिसलेलं आहे. परकी भाषा किंवा कमी ऐकू येणं असेल तर लिखित मजकूर हवाच. पण तो चालू-बंद करता यावा.

दोन भुतं प्रत्येक प्रशिक्षण विभागात भेटतील. एक म्हणजे दृश्य, श्राव्य, कृतिप्रधान अशा ‘शिकण्याच्या शैली’. शैलीनुसार शिकवल्याने जास्त शिकलं जातं याला पुरेसा पुरावा नाही, हे 2008 च्या मोठ्या आढाव्यात पॅशलर आणि सहकाऱ्यांनी दाखवलं. दुसरं म्हणजे ‘वाचलेलं 10 टक्के, ऐकलेलं 20 टक्के लक्षात राहतं’ हा त्रिकोण. त्याचं मूळ म्हणून दाखवला जाणारा ‘अनुभवांचा शंकू’ एडगर डेल यांनी 1946 मध्ये काढला, त्यात टक्केवारी नव्हतीच. ते आकडे भलत्याच ठिकाणाहून येऊन त्याला चिकटले. वाद घालू नका, तुमच्या स्लाइडवर घेऊ नका म्हणजे झालं.

मूल्यमापनात डोनाल्ड कर्कपॅट्रिक यांच्या 1959 पासूनच्या चार पातळ्या सगळे म्हणून दाखवतात: आवडलं का, शिकले का, कामात उतरलं का, परिणाम झाला का. प्रत्यक्षात पहिल्या पातळीचा फॉर्म भरून गाडी थांबते. मी तिसऱ्या पातळीवर जोर देतो, आणि ती मोजायची सोपी वाट म्हणजे सत्रानंतर काही आठवड्यांनी कामाच्या जागी जाऊन बघणं. तिथे बऱ्याचदा आढळतं की माणूस उत्तम शिकला होता, पण परत गेल्यावर साहेब म्हणाले, “ते तिकडचं राहू दे, इथे आपण असंच करतो.” बॉल्डविन आणि फोर्ड यांनी 1988 मध्ये प्रशिक्षण कामात उतरण्याबद्दल जी मांडणी केली तिच्यात वरिष्ठांच्या पाठिंब्याला मोठं स्थान आहे. त्यामुळे माझ्या आराखड्यात साहेबांसाठी वेगळा अर्धा तास असतो, सत्राच्या आधी: तुमची माणसं परत आल्यावर पहिल्या आठवड्यात त्यांना कोणतं काम द्याल? उत्तर मिळालं नाही तर तारीख पुढे ढकलायला सांगतो. शाळेत याला समांतर काही असेल तर पालकांशी बोलणं, पण पालक मुलाच्या पगारवाढीचा शेरा लिहीत नाहीत.

आता सॉफ्टवेअर. कोर्स बनवायचं कोणतंही एक टूल घ्या, त्यात एक प्रसंगावर आधारलेला छोटा कोर्स पूर्ण करा, तो एलएमएसवर, म्हणजे कोर्स चालवून नोंदी ठेवणाऱ्या प्रणालीवर, चढवून बघा, स्कॉर्म (कोर्स आणि एलएमएस यांना जोडणारं ठरलेलं स्वरूप) म्हणजे काय हे त्यातच कळेल. बाकीची टूल्स नोकरीत शिकता येतात, शिवाय ती बदलत राहतात. मुलाखतीसाठी चकचकीत स्लाइड्सच्या नमुन्यांपेक्षा एकच काम सविस्तर मांडा: मागणी काय होती, तुम्ही कोणाला भेटलात, काय बघितलंत, काय शिकवायचं नाही असं ठरवलंत आणि का, सराव कसा घडवलात. कंपनीतलं काम हाताशी नसेल तर शाळेतलं घ्या. नवीन शिक्षकांना हजेरीची किंवा निकालाची प्रणाली शिकवली असेल, प्रयोगशाळेत मुलांना सुरक्षित वागायला शिकवलं असेल, तर ते याच कामात मोडतं. फक्त ‘समजावून सांगितलं’ असं लिहू नका. त्यानंतर कोण काय वेगळं करू लागलं ते लिहा, आणि मुलाखत घेणारा सगळ्यात आधी तेच विचारील असं धरून चाला.